भाऊजींचं अपडेट

धाकट्या भाऊजींना सुरळीत चाललेली वस्तू बघवत नसे. भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत असलं, तरी ते काढून मागून-पुढून बघायचे, आणि मग ते घड्याळ कायमचं बंद पडायचं. त्यांची नोकरी कंपन्यांना सल्ला द्यायची होती. सल्ला ऐकून पुढे कोणाचं काय झालं, हे बघायला थांबायची पद्धत त्या नोकरीत नसावी.

वहिनीचा मागच्या खोलीत अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढायचा धंदा होता. कपाटाएवढी प्लायवूडची पेटी, आत अंड्यांचे ट्रे, बल्ब आणि पंखा. हे सगळं सांभाळायचा तो बाजूला खिळ्यावर टांगलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर. ऊब कमी झाली की बल्ब लावायचा, वाढली की पंखा फिरवायचा, मधूनमधून ट्रे कलते करून अंडी फिरवायचा. पेटी वहिनीनेच बांधली होती, वायरीही तिनेच जोडल्या होत्या.

नवरा परगावी होता. भाऊजी आईला भेटायला म्हणून राहायला आले आणि बॅग ठेवून थेट पेटीसमोर उभे राहिले.

"वहिनी, याचं फर्मवेअर कधीचं आहे?"

"बसवलं तेव्हाचं."

"अरे बापरे!" एक्स-रे बघून डॉक्टरने मान हलवावी, तशी त्यांनी मान हलवली. "अहो, यंत्र चालू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो प्रोग्राम आहे हा. तोच जुनाट ठेवलात?"

"रोज जागा होतोय की."

"तसं नसतं ते. अपडेट करायला हवं."

"आत्ता नको, भाऊजी. अंड्यांनी जीव धरलाय. पिल्लं निघू देत, मग बघू. तोवर हात लावू नका."

"चुटकीसरशी होणारं काम! तुम्ही लोक ना, उगाच बाऊ करता."

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे न विचारता वहिनी खाद्याची पोती आणायला गेली.

ती परतली तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज नव्हता. भाऊजी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, आणि खिळ्यावरच्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर एक लाल दिवा नुसता जळत होता.

"काय केलंत?"

"काही नाही. अपडेट मध्येच अडकलं. किती वेळ वाट बघायची? म्हणून वायर काढून परत लावली."

"वायर काढू नका असं स्क्रीनवर लिहिलेलं असतं."

"ते सगळीकडेच लिहिलेलं असतं हो! तुमचा बोर्डच हलका आहे. मी तरी काय करणार?"

वहिनीने पेटीत हात घातला. ऊब उतरायला लागली होती. तिने बल्ब थेट प्लगला जोडला, थर्मामीटर पेटीच्या दाराच्या काचेला आतून टेकवला आणि सासूबाईंना हाक मारली.

"आई, इथे बसा. काटा या खुणेच्या वर गेला की बटण बंद, खाली आला की चालू."

सासूबाई स्टूल ओढून बसल्या. "आणि तू रे? नुसता बघत काय बसलास? अंडी हाताने फिरव. हळू. ती काही तुझी कंपनी नाही."

भाऊजी गुडघ्यांवर बसले. दुसऱ्याच ट्रेला त्यांची कंबर धरली.

वहिनीने बोर्ड बनवणाऱ्यांची वेबसाइट उघडली. उपाय होता. कोरं मेमरी कार्ड घ्यायचं, दुरुस्तीची फाइल त्यावर चढवायची आणि त्या कार्डावर बोर्ड सुरू करायचा. पण बोर्डातल्या कार्डावर पेटी चालवायचा प्रोग्राम होता, घरात दुसरं जादा कार्ड नव्हतं, आणि दुकान आज बंद. तिची नजर भाऊजींच्या कॅमेऱ्यावर गेली.

"छे! त्यात परिषदेचे फोटो आहेत. मी मंचावर बोलतानाचे. दुसरीकडे कुठेच नाहीत ते."

"आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या मग."

"जागा नाही त्यात."

"काढ ते कार्ड," काट्यावरची नजर न हटवता सासूबाई म्हणाल्या. "तू बोलतोस कसा, ते आम्हाला माहीत आहे."

कार्ड पुसलं गेलं. मंचावरचे भाऊजी, माइकसमोरचे भाऊजी, टाळ्या घेणारे भाऊजी, सगळे एका बटणात गेले. वहिनीने फाइल चढवली, बोर्डात कार्ड घातलं आणि वायर लावली. या वेळी कोणीही कशाला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने हिरवा दिवा एका लयीत लुकलुकू लागला. तिने बोर्डाचं आधीचं कार्ड परत बसवलं आणि पंखा घरघरला.

त्या आठवड्यात पिल्लं निघाली, पण पुष्कळ अंडी तशीच राहिली. वहिनीने एकेक अंडं कानाशी धरून पाहिलं आणि बादलीत ठेवलं. भाऊजी दारात फोनवर कोणाला तरी सांगत होते, "अगं, चांगलाच रिझल्ट आला! मी येऊन सिस्टीम अपडेट केली ना."

वहिनीने बादली त्यांच्या पायाशी ठेवली, वर फावडं.

"मागे खड्डा करून पुरून या."

"मला अर्जंट मीटिंग आहे, वहिनी," म्हणत त्यांनी बॅग उचलली.

सासूबाईंनी त्यांना थांब म्हटलं नाही. त्यांनी फावडं घेतलं, वहिनीने बादली, आणि दोघी मागच्या दाराने बाहेर पडल्या.