माळेकरांच्या नावावरचा वास

चपला-बुटांच्या त्या दुकानात एक सेल्समन होता. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की बाकावर टेकायच्या आधीच हा त्याच्या पायाचं माप सांगायचा. "सात नंबर. पण डावा पाय जरा रुंद आहे तुमचा," असं म्हणायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. म्हणून सगळे त्याला नंबरवाले म्हणत. स्वतःच्या पायांचाही त्याला भारी तोरा. टोकदार, चकचकीत, नाडीचे बूट, तेही मापापेक्षा एक नंबर लहान. पाय लहान दिसला की माणूस नेटका दिसतो, असं त्यानं तरुणपणीच मनाशी पक्कं करून टाकलं होतं. दुखत नाहीत का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "सवय झाली की बूट पायाचा होतो."

दुखत नव्हते हे खरंच होतं, पण ते सवयीमुळे नव्हे.

साखरेचा आजार निघून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या तो घ्यायचा, म्हणजे आठवण झाली की घ्यायचा. तपासणीची वेळ आली की दुकानात गर्दी आहे म्हणून वेळ मारून न्यायचा. बायकोनं विचारलं की "सगळं ठीक आहे" असं सांगून मोकळा व्हायचा. आजारानंही कधी आरडाओरडा केला नाही. ताप नाही की कळ नाही. पावलांना आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग जाड सतरंजीवरून चालल्यासारखं वाटू लागलं, आणि पुढे तेही वाटेनासं झालं. मुंग्या गेल्या तेव्हा त्याला वाटलं, चला, आजार उतरणीला लागला.

उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली एक जुना घट्टा होता. एक दिवस त्या घट्ट्याच्या कडेला ओल दिसली. त्यानं वर पावडर टाकली, कापूस ठेवला आणि एकावर एक दोन मोजे चढवले. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चुकवलेल्या तपासण्या, न घेतलेल्या गोळ्या, सगळंच उघड्यावर आलं असतं.

त्याच सुमारास दुकानात वास येऊ लागला.

पहिल्यांदा तो जाणवला गल्ल्यावर बसणाऱ्या ताईला. "कुठे तरी उंदीर मेलाय," ती म्हणाली. बाक सरकवले, कपाटं ओढली, उंदीर काही सापडला नाही. वास दुपारनंतर वाढायचा, कधी बाकांपाशी यायचा, कधी आरशापाशी. मालकीणबाईंनी दोन-चार दिवस नाकाला रुमाल लावून पाहणी केली आणि त्यांची नजर पोटमाळ्याकडे गेली.

पोटमाळ्यावर खोक्यांचा साठा असे आणि तिथे एका वयस्कर माणसाचं राज्य होतं. कुठल्या रंगाचा कुठला बूट कुठल्या थप्पीत आहे हे त्यालाच ठाऊक. माळा त्याचा म्हणून त्याला माळेकर म्हणायचे, आणि खरं आडनाव आता बहुधा तोही विसरला असेल अशी थट्टा चालायची. वर पत्रा तापायचा. खोकी घेऊन शिडीवरून दिवसभर चढउतार. घाम येणारच.

"तुमचं त्यांचं चांगलं जमतं," मालकीणबाई नंबरवाल्याला हळूच म्हणाल्या. "तुम्हीच एका बाजूला घेऊन सांगा. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

त्या क्षणी त्याला खरं काय ते माहीत होतं का? हे त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. माहीत नव्हतं असं म्हणायला जागा होती. पण शंका होती. शंका होती म्हणूनच तो एका शब्दालाही न अडखळता "सांगतो की" म्हणाला आणि लगोलग शिडीकडे गेला.

माळेकरांनी ऐकून घेतलं. बाही नाकाशी नेली, मग दुसरी बाही नेली. "मला कसा नाही आला?"

"आपला आपल्याला येत नाही हो," नंबरवाला म्हणाला.

"तेही खरंच." त्यांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "बरं झालं दादा, तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या कुणी चारचौघांत सांगितलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर नंबरवाल्यानं बाथरूमची कडी लावली, बूट काढला, दोन्ही मोजे काढले, कापूस सोडवला. वास तोच, दुकानातला. आता शंकेला जागा नव्हती. त्यानं पाय धुऊन ताजा कापूस बांधला, आणि बायकोला कळू नये म्हणून जुना कागदात गुंडाळून बाहेर टाकून आला.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायला काही हरकत नव्हती. जाताना रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. पण दुकानात पोचला तर माळेकर आधीच येऊन उभे, अंग घासूनपुसून, केस ओले, साबणाचा घमघमाट. हातातल्या पिशवीत दुपारी बदलायला धुतलेला शर्ट. त्यांनी त्याला शिडीमागे घेतलं आणि गळा पुढे केला. "बघा हो दादा. आज येतोय का?"

त्याला नाक जवळ न्यावं लागलं. नुसता साबणाचा वास होता.

"आज कमी आहे," तो म्हणाला.

नाही, असं तो म्हणू शकला असता. पण दुकानात वास तर होताच. माळेकरांचा नाही म्हटलं की लोक दुसरीकडे शोधायला लागले असते. हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात पापणी लवायच्या आत झाला, आणि तो झाला म्हणून त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी दुसऱ्या दिवशी माळेकरांनी विचारलं तेव्हा तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी तो म्हातारा माणूस शिडीमागे गळा पुढे करायचा आणि रोज हा हुंगायचा. माळेकरांनी साबण बदलला. दुपारचं जेवण बाकीच्यांबरोबर करायचं सोडून ते मागच्या पायरीवर एकटे बसू लागले. ताई त्यांच्या हातून खोकं घेताना श्वास रोखायची, आणि ते त्यांना दिसायचं.

शेवटी मालकीणबाईंनी त्यांना रस्त्यापलीकडच्या गोदामात पाठवलं. "तिथे हवा खेळती आहे, तुम्हालाच बरं," असं सांगून. माळेकर पिशवी उचलून गेले. ते गेल्यावरही वास राहिला, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या की भिंतींत मुरला असेल, आणि रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. नंबरवाल्यानं रंगाऱ्यासाठी बाक सरकवून दिले.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. तो एका बाईंना सँडल घालून दाखवत होता. कपाटाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. बाई म्हणाल्या, "तुमच्या बुटाखाली काही तरी वाजतंय. मघापासून टक टक होतंय."

त्यानं पाय उचलून पाहिला. बुटाच्या तळव्यात एका खिळ्याचं डोकं चमकत होतं. दुकानात नवीन फळी बसवली होती त्यातला असणार. कधी घुसला कुणास ठाऊक. सकाळपासून तो त्याच्यावर चालत होता. बाई पुढे झुकल्या. "अहो, अख्खा आत गेलाय हा. तुम्हाला दुखत नाहीये?"

"नाही," तो म्हणाला. आणि तिथेच, गिऱ्हाइकासमोर, त्याला भीती वाटली. इतकी वर्षं वाटायला हवी होती ती एकदमच वाटली.

बुटाच्या शिवणीतून रक्त पाझरायला लागलं तशी मालकीणबाईंची धांदल उडाली. त्याला धरून नेईल असा दणकट माणूस एकच होता. गोदामातून माळेकरांना बोलावलं. ते धावत आले, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, रिक्षात बसवलं. वाटेत म्हणाले, "घाबरू नका दादा, खिळाच तर आहे." आणि खिशातला रुमाल त्याच्या कपाळावर फिरवला.

दवाखान्यात पट्टी करायच्या खोलीत त्याला पलंगावर बसवलं. नर्सनं नाडी सोडली, बूट ओढला, एक मोजा काढला, दुसरा काढला. वास खोलीभर पसरला. नर्स उठली आणि तिनं खिडकी उघडली.

माळेकर दाराशी उभे होते. ते त्या पायाकडे बघत राहिले, मग त्यांनी नंबरवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. माळेकरांनी आधी एक बाही नाकाशी नेली, नकळत, सवयीनं. मग हात खाली आणला. जमिनीवरचे मोजे आणि बूट उचलून त्यांनी पिशवीत भरले, बाहेर जाऊन बसले, त्याची बायको आल्यावर पिशवी तिच्या हाती दिली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आलेच नाहीत.

डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं टोक त्या पावलावर जागोजागी टेकवत होत्या. "लागलं की सांगा." तो वाट बघत राहिला. किती तरी वेळानं घोट्याच्या वर काही तरी लागलं. त्यानं डोळे उघडले, तर बायको तोंडावर हात धरून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"जे गेलंय ते परत येईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खिळ्याचं काही नाही, पण जुन्या जखमेनं हाडापर्यंत मजल मारली आहे. ते बोट काढावं लागेल. राहिलंय ते मात्र सांभाळता येईल. हा आजार हळू चालतो. तुम्ही मनावर घेतलंत तर त्याला आणखी हळू चालायला लावता येतं."

मग त्यांनी एकेक समजावून सांगितलं. साखर ताब्यात, गोळ्या रोज. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून बघायचं. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, कारण भाजलं तरी कळणार नाही. जखम पूर्ण भरली की रोज चालायचं. आणि तळवे रोज तपासायचे. स्वतःला दिसत नसतील तर घरच्या कुणी तरी बघायचे.

"आणि बूट?" बायकोनं विचारलं.

"रुंद. बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटानंच तर सुरुवात झाली असणार. दुकानात कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

त्यानं घाईनं गोळ्यांची चिठ्ठी मागितली. बायकोनंही तो कुठल्या दुकानात काम करतो हे सांगितलं नाही, एवढी तिनं त्याची लाज राखली.

घरी आल्यावर एका दुपारी त्यानं तिला माळेकरांचं सांगितलं. शिडीमागे रोज हुंगायचा तेही सांगितलं. तो धीर मिळेल या आशेनं बोलत होता, हे त्याचं त्यालाच कळत होतं. ती पट्टी गुंडाळत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "पायाचं मी बघेन. ते मात्र तुमचं तुम्ही बघा."

काठीनं चालता येऊ लागलं तसा तो माळेकरांकडे गेला. ते आता एका लाकडाच्या वखारीत फळ्या मोजून द्यायचं काम करत होते. वखारीच्या दारातच भेट झाली. त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाला, "मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही."

माळेकरांनी खांद्यावरचा भुसा झटकला. "पाय कसा आहे?"

"एक बोट गेलं."

"हं." ते दाराशी रचलेल्या फळ्यांवर टेकले. "आजाराचा मला राग नाही दादा. आजार कुणालाही होतो, लपवतोही माणूस. पण तुम्ही मला हुंगायचात. रोज. आणि कमी आहे म्हणायचात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला खरंच यायला लागला होता तो वास. माझ्या अंगाला, माझ्या अंथरुणाला. नातीला मांडीवर घ्यायचं सोडलं मी. ती हात पसरून यायची आणि मी बाजूला व्हायचो. घरचे म्हणायचे वास नाही, तर मला वाटायचं माझं मन राखतायत."

नंबरवाल्याची नजर त्यांच्या बाहीवर गेली.

"दुकानात सांगितलंत?" माळेकरांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग तिथे सांगा. मी काही परत यायचा नाही. पण त्या ताईला कळू दे."

त्यानं सांगितलं. सकाळी दुकान उघडल्यावर, सगळे हजर असताना. ताईचा चेहरा उतरला आणि ती मान वळवून पावतीपुस्तकाची पानं चाळत राहिली. मालकीणबाई मध्येच म्हणाल्या, "जाऊ द्या हो, झालं गेलं. आता बरे झालात ना?" त्यांना ते ऐकायचं नव्हतं, कारण त्यात त्यांचाही वाटा होता. पण तो थांबला नाही, शिडीमागचंही सगळं बोलला. बोलून झाल्यावर मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गिऱ्हाईक आलं आणि सगळे कामाला लागले.

नोकरी राहिली. आता तो रुंद, बसक्या तोंडाचे, कुरूप म्हणावेत असे बूट घालतो. गिऱ्हाईक घट्ट जोडा मागू लागलं तर "सैल होईल" असं म्हणत नाही. सकाळी बायको आरसा घेऊन बसते, तो पाय पुढे करतो आणि अजूनही तोंड भिंतीकडे फिरवतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "लग्नात कुंकवाच्या पावलांनी घरात आले तेव्हा माझे पाय बघायला सगळं गाव जमलं होतं, मी नाही लाजले. तुम्ही कसले लाजताय?" तेव्हा त्याला हसू आलं होतं. मागच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी दोरा लावून पाहिला. बधिरपणा होता तिथेच होता, वर सरकला नव्हता. हीच चांगली बातमी, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तो चालायला जातो. सपाट आणि बिनखड्ड्यांचा असा रस्ता जवळपास एकच आहे, आणि तो वखारीवरून जातो. कधी माळेकर आत असतात, कधी दाराशी बसलेले असतात. कधी मान हलवतात, कधी नाही. नंबरवाला दरवेळी थांबून नमस्कार करतो आणि मग पुढे चालू लागतो.