माळ्यावर अडकलेला एमिर

जानेवारीतल्या एका दुपारी एमिरने माळ्याच्या झडपेला फोम बसवायला घेतला. वेल्समधल्या बेथेस्डातलं त्याचं घर जुनं, दगडी. जिन्यावरच्या छतातली झडप म्हणजे चौकटीत टेकवलेली नुसती प्लायवूडची फळी, आणि घरातली सगळी ऊब तिथून वर निघून जायची. त्याच्या बायकोला, नेस्टाला, हल्ली फार थंडी वाजायची. तीन वर्षांपासून तिची स्मरणशक्ती विझत चालली होती. थंडी कळायची, पण स्वेटर कशासाठी असतो ते कधीकधी कळायचं नाही.

त्याने कडक फोमचा जाड तक्ता मापात कापून फळीच्या वरच्या बाजूला चिकटवला. चौकटीला मऊ पट्टी लावली, आणि कडेच्या फटींत डब्यातला फुगणारा फोम मारला. मग कुठे फट राहिली का हे बघायला तो शिडीने माळ्यावर चढला आणि झडप आतून बसवली. फट असती तर खालच्या दिव्याचा उजेड दिसला असता. काळोख अगदी गच्च होता.

"झकास!" तो स्वतःशीच म्हणाला आणि तुळईवर टेकला.

खरं सांगायचं तर बराच वेळ टेकला. कोणी हाक मारत नव्हतं, तोच प्रश्न विसाव्यांदा विचारत नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

उठून झडप उचलायला गेला, तर धरायला काही नव्हतं. मूठ खालच्या बाजूला. कडेचा फोम फुगून चौकटीला घट्ट धरून बसला होता. नखांनी ओरबाडलं तर नुसता चुरा निघाला. सुरी खाली, फोनही खाली. लाथ मारून फळीच फोडावी म्हणून त्याने पाय उचलला, तेवढ्यात शिडी करकरली.

"कोण आहे वर?" नेस्टाचा आवाज दबलेला, पण अगदी पायाखालून आला.

"नेस्टा, मी आहे, एमिर! खाली उतर. हळू, एकेक पायरी."

"एमिर कामावर गेलाय."

त्याला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

"अगं, मीच तो! शिडीवरून उतर आधी!"

"ओरडू नका हो माझ्यावर," ती रडवेली झाली. शिडी पुन्हा करकरली. ती आणखी एक पायरी वर आली होती.

आता झडप फोडली असती तर फळी थेट तिच्या डोक्यात गेली असती. ओरडलं तर ती बिचकून पडणार. त्याने गुडघे टेकून फोमला गाल लावला. तिला आपलं नाव आठवावं म्हणून रोज धडपडणाऱ्या त्या माणसाने त्या क्षणी ती धडपड सोडून दिली.

"बाई," तो हलकेच म्हणाला, "मी छताचं काम करायला आलोय. फार गारठलो हो. चहा मिळेल का?"

मग तिचा जुना, तरतरीत आवाज आला. "अगंबाई, कोणी विचारलंच नाही का तुम्हाला? साखर किती?"

"दोन चमचे. शिडी घट्ट धरून उतरा हं."

एक, दोन, तीन, चार पायऱ्या. मग स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज. एमिर रांगत मागच्या झोपायच्या खोलीच्या वर गेला, दोन तुळयांमधल्या छतावर त्याने सगळा जोर काढून लाथा घातल्या आणि प्लास्टरच्या ढिगासकट पलंगावर कोसळला. घोटा मुरगळला. लंगडत जाऊन आधी त्याने शिडी आडवी केली.

नेस्टा कप घेऊन आली आणि पांढऱ्याफटक नवऱ्याकडे बघतच राहिली. "एमिर! काय अवतार हा? होतास कुठे? वर एक बिचारा माणूस गारठलाय."

"तो गेला," एमिर म्हणाला. "चहा मला दे."

चहा संपल्यावर त्याने कार्डिफला मुलीला फोन लावला. लोरी वर्षभर येऊ का म्हणून विचारत होती आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आमचं छान चाललंय. आज त्याने ते वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

"बाबा? बाबा, काय झालं?"

"तू ये," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही जमत गं."

शेजारी नेस्टा त्याच्या केसांतलं प्लास्टर एकेक कण करून वेचत होती.