आठशेचा दगड

ज्याच्या मागं कुत्रं लागलेलं नाही त्यानं पळायचं कशाला, हे बजरंगला नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. तो कालव्यावर पाटकरी होता. पाण्याची पाळी सुटली की चाऱ्यांची गेटं उघडायची, संपली की बंद करायची, आणि एरवी बारा किलोमीटरचा भराव रोज फिरून कुठं खचला, कुठं फुटला ते बघायचं, हे त्याचं काम. फिरायचा तोही सावकाश, हात पाठीमागं बांधून, जणू कालवा त्याच्या आजोबानंच खोदलाय. त्या भरावावर दुसऱ्या कुणी पाय ठेवला की त्याच्या कपाळाला एक आठी पडायची. पळत ठेवला तर दोन पडायच्या.

आधी पोलीस भरतीची पोरंपोरी आली. सकाळी सकाळी परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडं तोंड करून उड्या मारायची, वाकायची, आणि मग जीव घेऊन पळायची. यातल्या दहापैकी नऊ जणांना खाकी मिळणार नाही हे बजरंगला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

मग रविवारची माणसं सुरू झाली. अंबाजोगाईचे दोन-तीन डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक, एक इंजिनियर. पोपटी आणि नारिंगी बूट घालून यायचे. त्यांनी आपला एक रस्ताच आखला होता: गावाबाहेरची जुनी बारव, तिथून महादेवाचं पडकं देऊळ, आणि तिथून कालव्याच्या भरावानं थेट निजामाच्या वेळच्या चौकीपर्यंत. मोबाइलवर त्याला नाव दिलं होतं ‘वारसा मार्ग’. त्या बारवेत गावानं वीस वर्षं फाटक्या गोधड्या आणि फुटलेल्या देवांच्या तसबिरी टाकल्या होत्या. आता ही माणसं तिच्या काठावर घाम पुसत वाकायची आणि ‘काय कोरीवकाम आहे’ म्हणायची. बजरंग शेजारून चालत जाताना मोठ्यानं खाकरायचा. घरी बायकोकडून चहाचा कप आयता हातात मागणारे हे लोक, इथं येऊन पायऱ्या मोजतात म्हणे.

पण बजरंगच्या मनातली खरी गंमत वेगळीच होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितलेली नव्हती. ती एका दगडाची होती.

कालव्याच्या कडेला दर दोनशे मीटरवर सरकारी दगड असतो, त्यावर अंतर रंगवलेलं असतं. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं आणि मुलांना सोळाशे. त्यामुळं ही पोरं मोरीजवळच्या सेहेचाळीस किलोमीटरच्या दगडापासून निघायची ती पुढच्या आठशेच्या दगडापर्यंत. मुलींचं तिथं संपायचं, मुलं तिथून परत फिरायची. मोजायची कटकट नाही.

नऊ वर्षांपूर्वी आदिनाथनं, म्हणजे गावच्या पुढाऱ्यानं, उसाचा ट्रॅक्टर भरावावरून शेतात उतरवायला जेसीबी लावून रस्ता काढला. आठशेचा दगड आडवा आला. उपटला आणि शेतात फेकून दिला. आठ दिवसांनी त्याची गाभण म्हैस गाभडली. त्याच्या आईनं, साखराबाईनं, तो दगड बांधाला पडलेला पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. हा तर म्हसोबा! पोरानं देव उपटला! मग काय, दगड वाजतगाजत उचलला, लिंबाच्या झाडाखाली बसवला, शेंदूर फासला, बोकड कापलं. आणि ते लिंबाचं झाड जुन्या जागेच्या नव्वद मीटर अलीकडं होतं.

बजरंग त्या जेवणाला होता. दोनदा रस्सा घेतला, हात धुतले, आणि महिनाअखेरीस वर कळवलं की सर्व दगड जागेवर आहेत. पुढच्या साली रंगवणारा आला. त्याला दगड मोजून रंगवायचे होते, त्यानं म्हसोबाच्या पोटावरसुद्धा काळ्या रंगात ४६/८०० काढलं. साखराबाईनं त्याच्याभोवतीनं शेंदूर लावला, आकडा तेवढा सोडला. देवाला नंबर पडला.

तेव्हापासून बजरंग पोरांना पळताना बघायचा. म्हसोबाला हात लावून कुणी ‘दोन चाळीस!’ म्हणून बोंबलला की त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. पळा लेकांनो, पळा. सांगायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. त्याला कुणी विचारलं होतं का?

विचारलं, तेही एकदा. गेल्या डिसेंबरात आदिनाथच्या डोक्यात आलं की त्या वारसा मार्गावर मोठी शर्यत घ्यायची. बॅनर लागला. त्यावर बारव बोटाएवढी आणि आदिनाथ दरवाजाएवढा. लिंबाखाली सगळे जमले, डॉक्टर, भरतीची पोरं, गावातली रिकामी माणसं. तेव्हा कय्युम पुढं आला. परळीत त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारी तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला पळायला लावलं होतं. मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ होतं.

“भाऊ, हितं काय तरी गडबड हाय,” तो म्हणाला. “मोरीपासून हितपर्यंत सातशे दहाच भरतंय. मी चार बार बघितलं.”

“तुझं घड्याळ चायनाचं आसंल बे,” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

“चायनाचं आसू द्या. मी मोटारी भरतो. तारेचे वेढे कमी पडले की मोटर जळती. मापाचं मला कळतंय.”

आदिनाथनं बजरंगकडं बोट केलं. “मामा, तुमी सांगा. तुमची हयात गेली हितं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. बजरंगनं कय्युमला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर नेऊन त्याच्या बुटांवर ठेवली. मग सावकाश बोलला, “सरकारी दगड हाय. घड्याळ चुकंल. दगड कसा चुकंल?”

लिंबाखाली टाळ्या पडल्या. कय्युम घड्याळाकडं बघत मागं सरला. बजरंगला त्या रात्री जेवण गोड लागलं.

महिन्याभरानं त्याची सायली घरी आली.

सायली त्याची एकुलती एक. अंबाजोगाईला वसतिगृहात राहून भरतीच्या अकादमीत जात होती. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आली तर वीसपैकी वीस गुण, आणि तिथं मैदानावर तिचे पाय तीन आठच्या खाली येत नव्हते. सर रोज ओरडायचे. संक्रांतीला म्हणून आली ती तोंड उतरवूनच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांबरोबर कालव्यावर गेली. बजरंग तेव्हा खालच्या चारीवर होता. परत येतो तर ती अंगणात नाचत होती.

“आण्णा, दोन सत्तेचाळीस! आठशेच्या दगडाला हात लावला तवा दोन सत्तेचाळीस!”

बजरंगच्या हातातली गेटची चावी हातातच राहिली.

“त्या सराचं ग्राउंडच न्हाई बरोबर,” ती म्हणाली. “न्हाईतर घड्याळ सडलंय त्याचं. उगं दोन वर्षं माझं रगत आटवलं. मी आता जात नसते तिकडं. हितंच करते.”

हे बोलताना तिनं नाक जे उडवलं, ते अगदी बापासारखं. बजरंगला एरवी कौतुक वाटलं असतं. आता त्यानं चावी खुंटीला लावायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की दगड खोटा आहे, मला नऊ वर्षांपासून माहीत आहे, चार माणसांत मी तो खरा म्हणून सांगितला, कय्युमला येडं ठरवलं? उद्या पोरी म्हणतील, पोरं म्हणतील, आदिनाथ तर गावभर करील. ते बजरंगच्यानं होईना. त्यानं आडवळण घेतलं.

“बाई, दगडाच्या म्होरं आनखी शंभर-सव्वाशे पावलं पळत जा. दम वाढतो.”

“आण्णा, तुमी चालनारी मान्सं. तुमाला पळन्यातलं काय कळतंय?”

“तरी पन.”

“कावून पन? आठशेचं आठशेच पळावं लागतंय. जास्ती पळलं की पाय जड व्हत्यात.”

मग एके दिवशी तो म्हणाला, “अकादमी सोडू नको.” ती हसली. मग म्हणाला, “कय्युमच्या घड्याळावर एकदा बघ.” त्यावर तर ती खो खो हसली. “त्या चायनाच्या? तुमीच म्हनले ना, दगड कसा चुकंल? सगळी पोरं सांगत व्हती मला. लई भारी बोललात म्हनं.”

दोन महिने ती रोज पळाली, लिंबापर्यंत. दोन सत्तेचाळीस, दोन सेहेचाळीस, एकदा दोन पंचेचाळीस. बजरंग तेवढ्या वेळात मुद्दाम दूरच्या चारीवर जायचा. पोरं बोंबलायची ते तिथपर्यंत ऐकू यायचं. आता गुदगुल्या होत नव्हत्या. आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं साठ सकाळी घालवल्या, आणि स्वतःला वरून समजावलं की जवान पोर आहे, ऐन वेळी ओढील. भित्रा माणूस स्वतःला काय काय समजावतो त्याला सीमा नाही.

बीडला मैदानी चाचणी होती त्या दिवशी बापलेक पहिल्या गाडीनं गेले. बजरंग जाळीबाहेर इतर आईबापांत उभा राहिला. दोन फेऱ्या मारायच्या होत्या. शिट्टी झाली आणि सायली निघाली ती सगळ्यांच्या पुढं. पहिली फेरी अशी काढली की शेजारची एक बाई म्हणाली, “कुनाची हो ती लेक?” दुसऱ्या फेरीतही ती पुढंच होती. शेवटच्या वळणावर तिनं सगळा जीव एकवटला, जिथं रोज लिंब दिसायचा आणि म्हसोबा हाताला लागायचा तिथं. तिथं काहीच नव्हतं. वळण अजून संपायचं होतं. बजरंगनं जाळीत बोटं रुतवली आणि आपल्या पोरीचे पाय विझताना बघितले. एक गेली, दुसरी गेली, मग पाच-सहा जणी तिच्या शेजारून पुढं गेल्या. शेवटचे नव्वद मीटर ती पळाली नाही, लडखडत आली.

तीन चौदा. त्या गुणांवर लेखी परीक्षेला बोलावणं येणार नव्हतं.

बाहेर आली तेव्हा ती रडत नव्हती. तावात होती. फाटकाजवळ हरकती घ्यायचं टेबल होतं, एक पोलीस बाई बसल्या होत्या, समोर दहा-बारा पोरी रांगेत. सायलीनं बापाचा दंड धरला आणि रांग सोडून त्याला टेबलापुढं नेऊन उभा केला.

“मॅडम, तुमचं ग्राउंड लांब हाय. परत मोजा. सरकारी दगडावर माझं रोज दोन सत्तेचाळीस निघतंय. हे माझे वडील, कालव्यावर हायेत, अठ्ठावीस वर्षं. इचारा यांना. आण्णा, सांगा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. रांगेतल्या पोरी बघायला लागल्या. सायलीही बघत होती, मान ताठ करून, जसा तो लिंबाखाली उभा होता तशी. तिला खात्री होती. जगात एका माणसावर तिची खात्री होती.

‘व्हय मॅडम, परत मोजा’ एवढं म्हणून बजरंगला सुटता आलं असतं. पण मग पोर उद्यापासून पुन्हा त्याच दगडाला हात लावून नाचली असती.

“ग्राउंड बरोबर आसंल, मॅडम,” तो म्हणाला. “आमचा दगड चुकीचा हाय. नव्वद मीटर अलीकडं हाय. मला म्हाईत व्हतं.”

“कधीपासून?” हे बाईंनी नाही, सायलीनं विचारलं.

“नऊ वर्षं झाली.”

“पुढची कोण?” बाई म्हणाल्या.

सायली जागची हलली नाही. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर नेऊन त्याच्या चपलांवर ठेवली. ती नजर बजरंगला चांगली ओळखीची होती. बारवेच्या काठावर, लिंबाखाली, भरावावर, त्यानं आयुष्यभर तीच वापरली होती. ती अंगावर घेताना कसं वाटतं हे मात्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत ती ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. तो शेवटच्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी तो साखराबाईकडं गेला. दगड मूळ जागी न्यायचा म्हणाला. म्हातारीनं चपलीला हात घातला. “देवाला हात लावून तर बघ, तुझी म्हैस न्हाई, तूच गाभडशील!” आदिनाथ ओट्यावर बसून दात काढत होता. तासाभरात गावभर झालं.

तेव्हापासून रोज सकाळी बजरंग लिंबाच्या पुढं नव्वद मीटरवर, जेसीबीनं दगड उपटला होता त्याच जागी, जाऊन उभा राहतो. पोरं लांबूनच ओरडतात, “आला रे नवा म्हसोबा!” एकानं परवा त्याच्या पायाशी नारळ ठेवला आणि सगळे लोळून हसले. रविवारचे डॉक्टरही हसू दाबतात. कय्युम तेवढा हसत नाही. तो शेजारी उभा राहून घड्याळ धरतो, कारण सायलीनं त्याला तसं सांगितलंय.

सायली मोरीपासून निघते. म्हसोबाकडं बघतसुद्धा नाही, पुढं येते, शेवटी पाय जड होतात तरी येते, आणि बजरंगच्या अंगाला न लागता शेजारून निघून जाते.

“किती, मामू?” ती कय्युमला विचारते.

“तीन सहा.”

ती गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेते आणि परत फिरते. बापाशी ती अजून बोलत नाही. पळताना त्याच्याकडं बघते, पण आठशे कुठं संपतं हे कळावं म्हणून.