मान वळवतानाची चित्रं

रोहिणीने हर्षलाचं नाक खोडलं आणि होतं त्याहून जरा पसरट काढलं. काचेखाली बल्ब जळत होता, त्यामुळे खालच्या कागदावरचं, नीलेशने काढलेलं नाजूक नाक वरच्या कागदातून स्वच्छ दिसत होतं. तिने तिकडे काणाडोळा केला. नीलेश पलीकडच्या टेबलाशी पाठमोरा बसला होता, म्हणजे त्या बाजूने धोका नव्हता.

कॉलेजच्या महोत्सवासाठी ते छोटासा अ‍ॅनिमेशनपट करत होते, सगळा हाताने काढलेला. गोष्ट नीलेशच्या डोक्यातली, त्यामुळे तिला शेंडा ना बुडखा. भाताच्या खाचरात एक कॉलेज तरंगतं, शिकवायला बगळे येतात, आणि जो प्रेमात पडेल त्याच्या पायांना मुळं फुटून तो जागीच रुतून बसतो. शेवटी नायिका मान वळवून नायकाकडे बघते आणि तिच्याही तळव्यातून एक मूळ डोकावतं.

हालचाल जिथे सुरू होते आणि जिथे संपते, ती दोन चित्रं नीलेशने काढायची. त्यांच्या मधली, मान हळूहळू वळवणारी सगळी रोहिणीने. वळण खरं वाटावं म्हणून समोर आरसा ठेवून काढायचं, हेही त्यानेच तिला शिकवलं होतं. खालापूरहून रिक्षा बदलत ती दहिवलीला त्याच्या गच्चीवरच्या खोलीत यायची, ती काही चित्रकलेच्या ओढीने नव्हे. एक नीलेश सोडला तर हे कुणालाही कळलं असतं.

मग एक दिवस त्याने नायिकेचा चेहरा काढून आणला, आणि तो हर्षलाचा निघाला. हर्षला त्यांच्याच वर्गातली, नायिकेला आवाज देणार होती. रोहिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडावं, तर कोणत्या हक्काने? वर ती पोरगी रोज आपल्याच हाताने काढायची, आणि तीही प्रेमाने वळून बघणारी. तेव्हा तिने आपल्या परीने सूड उगवायला घेतला. एका चित्रात नाक फुगव, दुसऱ्यात जिवणी रुंद कर, तिसऱ्यात भुवया दाट कर. बाईसाहेब उभ्या असताना सुंदर, वळताना मात्र बेढब. एवढ्यावरही तिला त्या दिवसापुरती शांत झोप लागायची.

आज हर्षला आवाज द्यायला आली होती. मधल्या चित्रांचे फोटो रोहिणीने पाठवून ठेवले होतेच. नीलेशने ते लॅपटॉपवर एकामागून एक जोडले आणि तिघं पडद्यापुढे बसली.

नायिका खिडकीपाशी उभी होती, हर्षलाचा चेहरा घेऊन. मान वळू लागली. नाक पसरलं, जिवणी रुंदावली, भुवया दाटल्या, आणि वळण संपता संपता हर्षला परत आली. मधे क्षणभर पडद्यावर दुसरीच मुलगी होती. ती समोरच्याकडे इतकं मन लावून बघत होती की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

रोहिणीचे कान तापले. आरशात बघून काढलेली मान तिची होती, नजर तिची होती. आणि बेढब म्हणून दिलेलं ते नाक, ती जिवणी, त्या भुवया, तेही सगळं तिचंच होतं.

हर्षलाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. तिने ओळखलं होतं. आता ही हसणार, म्हणून रोहिणी मान खाली घालून बसली.

"परत लाव रं," हर्षला एवढंच म्हणाली.

नीलेशने परत लावलं आणि नेमकं मधल्या चित्रावर थांबवलं. पडदाभर रोहिणी. तो पुढे झुकून निरखू लागला. रोहिणी सूडबिड सगळं विसरली. आपली चोरी पकडली गेली तरी चालेल, त्याने आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

"ही कोण आली मधी?" तो म्हणाला. "भलतीच कोणतरी वाटते. रोहिणी, ही सगळी परत काढायला लागतील."

"तुला वळखू येत नाय?" हर्षलाने विचारलं.

"वळखायचं काय त्यात? चेहरा बिघडलाय."

तो परत लॅपटॉपकडे वळला. रोहिणीने कोरे कागद काचेवर ठेवले. आरसा पुढे ओढायला गेली, तर हर्षलाने तो बाजूला सरकवला आणि खुर्ची घेऊन समोर बसली.

"माझ्याकडं बघून काढ. मी वळते हळूहळू. कोणाकडं बघू?"

"त्याच्याकडं," रोहिणी म्हणाली.

हर्षला वळू लागली. इतके दिवस जिच्यावर दात धरला, तिचा चेहरा रोहिणीने कधी नीट पाहिलाच नव्हता. हर्षलाची नजर सरकत सरकत नीलेशच्या पाठीवर गेली आणि तिथेच राहिली. ओठ जरासे विलगले. हे काही चित्रासाठी चाललेलं नव्हतं. ही नजर रोहिणीला पाठ झालेली होती. रोज आरशात तिने तीच तर पाहिली होती.

"नीलेश," हर्षलाने हळूच हाक मारली.

"हं. थांब जरा, हिचं बघतोय."

पडद्यावर नायिकेचं शेवटचं चित्र होतं, त्याने स्वतः काढलेलं. तिच्या गालावर पडलेली धूळ तो बोटाने अलगद पुसत होता. धूळ गेली तरी बोट तिथेच फिरत राहिलं.

"अशीच राहू?" हर्षलाने विचारलं. मान तिने सरळ केली नव्हती.

"राहा," रोहिणी म्हणाली.

तिने पेन्सिल उचलली. जसं दिसत होतं तसं, ओळ न् ओळ खरी काढत गेली. हर्षलाचे डोळे मात्र भरून आले होते. तेवढं तिने कागदावर घेतलं नाही.