सपाट पाण्यात लागलेली बोट

सासूबाई म्हणाल्या, "मला बोट लागलीये," आणि मी हसले. पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं सपाट होतं. वाऱ्याचा पत्ता नाही, शिडं गुंडाळलेली, आणि आमची बोट इंजिनावर टुकटुक करत चाललेली. अशा पाण्यात तान्हं पोरसुद्धा ओकणार नाही.

"आई, बोट लागायला आधी ती हलावी लागते," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या खाली मागच्या केबिनमध्ये गेल्या आणि आतून कडी लावली. कडी मला ऐकू जावी म्हणूनच वाजवली होती.

"घे," मी नवऱ्याला म्हणाले, "घर यायचंय अजून, आणि रुसवे-फुगवे सुरू." तो सुकाणू धरून उभा होता. बायको आणि आई यांच्यामध्ये सापडला की त्याला समोरचं क्षितिज फार आवडू लागतं. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला येत होत्या. त्यांचं बिऱ्हाड बोटीच्या पुढच्या भागात खचाखच भरलेलं होतं, त्यात त्यांचे तीन तवे आणि माझ्या तव्याबद्दलची मतं होती.

बोटीवर इंजिन माझ्याकडे असतं. सुकाणू त्याचं, पाना माझा, असं लग्नापासून ठरलेलं आहे. सकाळी निघताना इंजिनाखाली पाण्याचं थारोळं दिसलं होतं. आमच्या इंजिनाचा धूर एका वाकड्या नळीतून जातो, तिला आम्ही एल्बो म्हणतो. तिथेच त्यात समुद्राचं पाणी मिसळतं आणि गार झालेला धूर पाण्याबरोबर मागून बाहेर पडतो. त्या एल्बोला खालच्या बाजूने गंजून बारीक चीर गेली होती. मी चिरेत लांबी भरली, वर पट्टी गुंडाळली, क्लिप आवळली. चांगली दात-ओठ खाऊन आवळली. इंजिन चालू करून खाली हात फिरवला. कोरडा ठणठणीत. "गळती बंद," मी ओरडून सांगितलं आणि स्वतःची पाठ स्वतःच थोपटली.

दुपारी चहा करायला खाली गेले. डोकं ठणकत होतं. मला वाटलं, सासूबाईंशी बोललं की ठणकतंच. शेगडी पेटवायला वाकले तर पोटात ढवळलं आणि ओट्याला धरून उभं राहावं लागलं. आता मलाही बोट लागली की काय, असं म्हणून मी स्वतःशीच हसायला गेले, आणि ते हसू तोंडातच राहिलं. मला उधाणातही कधी बोट लागलेली नाही.

मी इंजिनावरचं झाकण उचललं. एल्बोखाली हात घातला, थेंब नाही. मग मान वर केली. एल्बो इंजिनाला जिथे जोडलेली असते, त्या सांध्याच्या वर पांढऱ्या फळीवर काजळीचा मोठा काळा डाग पसरला होता. इथं घोडं पेंड खात होतं. सकाळी मी क्लिप आवळताना एल्बो खाली ओढली गेली, आणि वरचा सांधा उघडला. पाणी खाली गळतं, म्हणून मी खाली बघितलं. धूर वरून गळत होता. आणि त्या फळीच्या पलीकडे सासूबाईंची केबिन होती.

"इंजिन बंद कर," मी ओरडले. "खिडक्या उघड. सगळ्या उघड."

दारावर थापा मारल्या. "आई. आई, दार उघडा." आतून काही नाही. खांदा लावला, कडी हलेना. मोठा पाना कडीच्या फटीत घालून सगळा भार टाकला, तेव्हा लाकूड फाटलं.

त्या कुशीवर पडल्या होत्या. मी खांदे धरून ओढलं, मान लुळी पडली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवरा शिडीवरून खाली आला, आम्ही दोघांनी त्यांना कसंबसं वर काढलं आणि उघड्यावर झोपवलं. श्वास होता. फार बारीक होता, पण होता.

थोड्या वेळाने डोळे उघडले. मुलाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कधी आलात?"

त्या मुलाला कधी तुम्ही म्हणत नाहीत. तुम्ही त्या सासऱ्यांना म्हणायच्या, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मीही घाबरले, उगाच कशाला नाकारू.

त्याने रेडिओवर मदत मागितली. पलीकडचा माणूस म्हणाला, त्यांची बोट लांब आहे, तुम्हाला बंदर जवळ पडेल, अॅम्ब्युलन्स धक्क्यावर उभी करतो, धूर रक्तात भिनलाय, ऑक्सिजन लवकर मिळायला हवा. आणि बंद इंजिनाची आमची बोट ओहोटीच्या ओढीने हळूहळू खडकांच्या रांगेकडे सरकत होती. नांगर टाकावा तर खोली भलतीच.

"इंजिन लागेल," नवरा म्हणाला.

"मला दिसतंय ते," मी म्हणाले आणि खाली उतरले.

सकाळची क्लिप सैल केली. सांध्याचे नट काढताना एल्बो तव्यासारखी तापलेली होती. फडकं धरलं तरी बोटं भाजली. सांधा घट्ट बसवणारी आतली गॅस्केट फाटून अर्धी जळून गेली होती. नवी नव्हती. शीतपेयाचे रिकामे कॅन पडले होते, त्यातला पत्रा कात्रीने कापला, जुन्या गॅस्केटचा आकार आखला, नटांसाठी भोकं पाडली. घाईत पहिला वाकडा कापला गेला. पाच मिनिटं हातपाय गाळून बसावंसं वाटलं. वरून नवऱ्याचा आवाज आला, "खडक दिसायला लागलेत," म्हणजे लवकर कर असं त्याला म्हणायचं होतं, पण म्हणायची हिंमत नव्हती.

"मग तिकडे बघू नकोस," मी म्हणाले.

दुसरा बरोबर कापला. दोन थर एकावर एक ठेवले, दोन्ही बाजूंनी लांबी चोपडली. एल्बोखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, म्हणजे ती पुन्हा खाली ओढली जाणार नाही. नट आळीपाळीने आवळले, थोडा हा, थोडा तो. या वेळी दात-ओठ खाल्ले नाहीत.

"चालू कर."

इंजिन खोकलं आणि लागलं. टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी मी सांध्याभोवती फिरवली. धूर येत असता तर ती फडफडली असती. खालून फिरवली, बाजूंनी फिरवली, वरून फिरवली. वर जरा थरथरली. दुसऱ्या हाताने मनगट धरून पुन्हा नेली. पट्टी गप्प राहिली.

वर आले तेव्हा खडकांवरचं शेवाळ ओळखू येत होतं. नवऱ्याने सुकाणू फिरवलं, बोट वळली. त्यानंतर खाली कुणालाच जाऊ दिलं नाही. मी फक्त अधूनमधून श्वास रोखून उतरायचे, पट्टी फिरवायचे आणि वर यायचे. बाकी सगळा वेळ सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्यांना झोपू देत नव्हते. तव्याबद्दल बोला म्हटलं, सुनांच्या चुका सांगा म्हटलं. त्या नुसत्या हूं म्हणायच्या. एवढी गप्प बाई मला नको होती. मला माझी भांडकुदळ सासू परत हवी होती.

धक्क्यावर माणसं तयार होती. मास्क लावला, गाडीत घेतलं, आम्हीही मागे चढलो. गाडीतला डॉक्टर त्यांच्या तोंडाशी वाकून नाव विचारत होता, वार विचारत होता. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी दोन्ही बरोबर सांगितलं. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "तू जेवलास का रे?"

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भीती उतरली की त्याला राग येतो. तो सावरला आणि म्हणाला, "दार का लावलं होतं, आई? उघडं असतं तर हिला वेळेत दिसली असतीस. काय झालं होतं? तुम्ही दोघी भांडलात का?"

तेव्हा तिथेच होता तो. पण क्षितिज बघत होता.

सासूबाईंनी मास्क जरा बाजूला केला. "कपडे बदलायला लावलं," त्या म्हणाल्या. "मग डोळा लागला."

त्यांच्या अंगावर सकाळचेच कपडे होते. मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी चादरीखालून माझा हात शोधला आणि कोपराच्या आतल्या मऊ जागी चिमटा काढला. असा जोरात काढला की डोळ्यांत पाणीच आलं, आणि मग ते थांबेना.