मेंढ्यांना हाक

सकाळी आठलाच उम्म सलालच्या फार्मवर ऊन चटके देत होतं आणि मेंढ्या काही केल्या अंतराकडं बघत नव्हत्या.

आमच्या मराठी मंडळाचा व्हिडिओ होता. विषय 'आपली माती', माती कतारची. लेखक मीच, त्यामुळं दोष कुणाला द्यायचा याची सोय आधीच झालेली. धनगराच्या पोरीचं काम अंतराला दिलेलं. ती शहरात बिन महमूद भागातल्या फ्लॅटमधली, मेंढी तिनं आजवर बिर्याणीतच पाहिलेली. खरी धनगराची पोर, मीना, अंतराच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. मीनाचे वडील गोविंदराव याच फार्मवर मेंढ्यांचे सुपरवायझर.

मीनाला काम का नाही? तेही माझंच कर्तृत्व. दोन वर्षांपूर्वी सांगोल्याहून आली, तेव्हा माझ्या मराठी वर्गाच्या दारात म्हणाली, "म्या यिऊ का आत?" मुलं हसली. मीही हसलो, आणि तिला सुधारायला बसलो. एकदा तिनं मेंढ्यांना बोलवायची हाक करून दाखवली, तर म्हणालो, "बाळ, इथं असं ओरडायचं नसतं." पोर हुशार. तेरा वर्षांची होईतो इतकी सुधारली, की निवडीच्या वेळी व्हिडिओच्या दिग्दर्शिका नीलांबरीताई म्हणाल्या, "मीना गावाकडची वाटतच नाही हो!"

"ये, ये ना गं!" अंतरानं पुन्हा हाक मारली. एका मेंढीनं शेपूट हलवलं, ते माशीसाठी.

शेवटी मीनाची आई शशिकला पुढं आली. "थांबा, म्या हाळी देते."

"आई, नको ना. प्लीज," मीना पुटपुटली.

शशिकला मागं सरली. पदर सारखा केला. लाज मीनाच्या चेहऱ्यावर होती, पण ती पाठ करून घेतली होती मी.

नीलांबरीताईंना कल्पना सुचली. "खलास, ठरलं! वहिनींचा नुसता आवाज घेऊ, चेहरा अंतराचा. वहिनी, तुम्ही जरा त्या पाण्याच्या टाकीमागं बसा हं."

शशिकला मुकाट्यानं टाकीमागं निघाली. मीनानं छत्री मिटली.

"आये, लपू नगं! तू काय चोरी केलीयास व्हय? हाळी द्यायची तर हितं, समद्यांम्होरं!"

शशिकला घुटमळली. मग तिनं हाळी दिली. त्यात दुसरा आवाज मिसळला, आधी फाटका, मग मोकळा. दीडशे माना वर झाल्या आणि मेंढ्या कॅमेरा आडवा करून मायलेकींभोवती जमल्या.

"हेच! हेच हवं होतं!" नीलांबरीताई टाळ्या पिटू लागल्या. "मीना, यल्ला, चल, कॅमेऱ्यासमोर परत बोल. असंच, गावठी!"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी घसा साफ केला. "मीना, बाळ..."

एका मेंढीच्या पाठीवरचा हात न काढता ती म्हणाली, "क्षमा करा, काका. ते आमच्या घरातलं आहे. तुमच्यासाठी मला एवढीच भाषा येते."

उच्चार निर्दोष होते. दुरुस्त करायला काही सापडेना, म्हणून मी वाळूकडं बघत राहिलो.