गवताचा ढीग

निवृत्त नर्स असलेली ताई महिनाभर राहायला आली, तेव्हा धाकटा भाऊ अंगणात यंत्र उलटं करून पाती बदलत बसला होता. आपोआप फिरून गवत कापणारं ते यंत्र त्याने हौसेने घेतलं होतं. दर रविवारी तो त्याची चाकं ब्रशने घासून काढायचा.

“पण कापलेलं गवत जातं कुठे?” ताईने विचारलं.

“इतकं बारीक कापतं, की जागच्या जागी मुरतं.”

“म्हणजे ढीग होतच नाही?” तिचा चेहरा पडला.

बाबा विळ्याने गवत कापायचे आणि ही दोघं ढिगात उड्या मारायची, ते त्यालाही आठवलं. त्याने यंत्र उचलून आत ठेवून दिलं.

महिनाभर गवत वाढलं. ताई निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी धापा टाकत ते विळ्याने कापलं आणि गुडघाभर ढीग रचला. ताई चपला काढून त्यात चक्क आडवी झाली.

“तोच वास रे,” ती म्हणाली.

तोही शेजारी लवंडला. ऊन उतरेपर्यंत दोघं तशीच पडून राहिली. मग ताई म्हणाली, “आता उठायचं कसं?”

शेवटी भावाच्या बायकोने येऊन दोघांना एकेक करून उभं केलं.